गिरण कुठं हाय?

घर बघायला कुठंही गेलो की आत्तींचा पहिला प्रश्न ठरलेला : "गिरण कुठं हाय?" एजंट प्लॉटची लांबी-रुंदी सांगत असायचा, आमचे हे मोबाईलवर अंतर मोजत असायचे, मी बस कुठं थांबते ते शोधत असायची, आणि आत्ती पदर खोचून गल्लीच्या तोंडाशी उभ्या. पिठाची गिरण चालत जाण्यासारखी असली तर त्या पुढचं बोलणं ऐकायला थांबायच्या. नसली तर मुकाट्यानं रिक्षात जाऊन बसायच्या.

आमच्या बेळगाव भागात सासूला आत्ती म्हणतात. इथल्या बायका बोलतानाही "मी आलो, मी जातो" असंच म्हणतात, त्यामुळे पुण्याकडचे पाहुणे पहिल्यांदा आले की जरा चमकतात. आत्तींचं वय तेव्हा ६८. गुडघे दुखायचे, पण दळणाचा डबा काखेला लावून चालायला त्यांची कधी ना नव्हती. मला वाटायचं, जुन्या माणसांची सवय आहे, पाकिटातल्या पिठाची चव त्यांना लागत नाही, एवढंच. त्या प्रश्नात काय होतं ते कळायला मला दोन वर्षं लागली.

आम्ही चौघं. हे शिनोळीला एका कारखान्यात, म्हणजे बेळगावच्या पश्चिमेला वेंगुर्ला रोडनं पंधरा-सोळा किलोमीटर, राज्याची हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात. मी शहरात, खडेबाजारजवळच्या एका पतसंस्थेत. मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत. आत्ती घरी. वडगावात भाड्यानं राहायचो. विणकरांची गल्ली, भिंतीपलीकडे दोन माग, सकाळपासून त्यांचा खडखडाट. २०१९ च्या ऑगस्टातल्या पावसात खालच्या खोलीत गुडघाभर पाणी आलं आणि वर्षाचा तांदूळ भिजला. तरी तिथंच राहिलो, कारण माणसं चांगली होती. पुढं घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांनाच जागा लागली, आणि आमची शोधाशोध सुरू झाली.

बेळगाव म्हणजे मुंबई नव्हे. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत ४ लाख ८८ हजार माणसं होती. पण सकाळी आठ ते दहा या वेळात कुठल्याही नाक्यावर उभं राहून बघा. येळ्ळूर, धामणे, हलगा, सांबरा, काकती, कडोली, उचगाव, बेळगुंदी, देसूर, मच्छे अशी चारी बाजूंची गावं शहरात उतरत असतात. दुधाचे कॅन, भाजीच्या बुट्ट्या, कॉलेजची पोरं, उद्यमबागेतल्या फौंड्रीत जाणारे कामगार, नातवाचा हात धरून दवाखान्याला निघालेली म्हातारी. संध्याकाळी हेच सगळं उलट दिशेनं. शहराच्या भाड्याला न परवडणारी आणि शेतीवर न भागणारी माणसं या दोन फेऱ्यांत आयुष्य काढतात. आता आम्हीही त्यांच्यातलेच होणार होतो.

शहरातच राहावं असं आधी वाटलं. टिळकवाडीत बघितलं. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते याच बाजूला. त्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, आणि रस्त्याचं नावही काँग्रेस रोड. तेव्हा गावाबाहेरची असलेली ती जागा आज भर शहरात आहे आणि तिथला भाव आमच्या आवाक्यातला नाही. मग अनगोळकडं वळलो. तिथं एक गोष्ट शिकले : बेळगावच्या दक्षिण भागात अंतर किलोमीटरवर मोजून चालत नाही, वाटेत रेल्वेचं गेट लागतं का ते विचारावं लागतं. मिरज-लोंढा मार्ग शहराच्या पोटातून जातो. कपिलेश्वरला, गोगटे सर्कलला पूल झाले, पण दुसऱ्या गेटला मी घड्याळ लावून अकरा मिनिटं उभी राहिलेली आहे. मालगाडी गेली, गेट उघडलं, आणि दोन्ही बाजूंची वाहनं रुळांवरच समोरासमोर येऊन अडकली.

शेवटी घाईनं खानापूर रोडच्या बाजूला एका नव्या लेआउटमध्ये फ्लॅट भाड्यानं घेतला. कागदावर सगळं बरोबर होतं. रुंद रस्ता, पार्किंग, बोअरचं भरपूर पाणी, शहराला जायला बस. यांनी एका वहीत रकाने आखले होते : भाडं, अंतर, पेट्रोल, शाळेची रिक्षा, बसचा वेळ. सगळ्या रकान्यांची बेरीज त्या फ्लॅटच्या बाजूनं आली.

तिथं आठ महिने काढले. सकाळी साडेआठला सगळी बिल्डिंग रिकामी व्हायची. खाली गाड्या सुरू व्हायचा आवाज, मग गेटचा आवाज, मग काहीच नाही. आठ बिऱ्हाडांत दिवसा घरी असणारं माणूस एक आत्ती, आणि दुसरी वरच्या मजल्यावरची एक बाळंतीण, तीही दोन महिन्यांनी माहेरी गेली. दुकान मेन रोडला. गिरण त्याहून पुढं, हायवे ओलांडून. गाड्यांच्या वेगापुढं आत्तींना तो रस्ता ओलांडता येईना, म्हणून मीच येताना पिठाची पाकिटं आणायला लागले. आत्तींनी तक्रार केली नाही. त्या हळूहळू बोलायच्या बंद झाल्या एवढंच. आधी मला वाटलं ऐकायला कमी येतंय. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं, कान ठणठणीत होते.

एकदा पतसंस्थेचं ऑडिट होतं, घरी यायला आठ वाजले. जिन्यात लाईट नव्हती. पहिल्या मजल्याच्या वळणावर पायरीवर कुणीतरी बसलेलं दिसलं. आत्ती होत्या, मांडीवर रिकामा पिठाचा डबा. मी घाबरून विचारलं, "काय झालं हो आत्ती? हितं का बसलाय?"

"काय न्हाई गे," त्या म्हणाल्या, "कोण येतंय-जातंय ते बघालतो. आज सकाळपास्नं मी तोंडच उघडलो न्हाई. आवाज हाय का गेला ते बघावं म्हटलं."

त्या रात्री मी ती वही काढून बसले. तिच्यात जाण्या-येण्याचे सगळे हिशोब होते, राहण्याचा एकही नव्हता. हे दिवसाचे अकरा तास बाहेर, मी दहा तास बाहेर, मुलगा शाळेत आणि क्लासला. आम्ही त्या घरात फक्त झोपायला जात होतो. सगळा दिवस तिथं काढणारं माणूस एकच, आणि त्याच्यासाठी आम्ही वहीत रकानाच आखला नव्हता. शहरात कामाला जाणारी सगळीच घरं असं करतात असं आता मला वाटतं. जो जातो-येतो त्याच्या सोयीनं जागा ठरते आणि जो मागं राहतो त्यानं तिच्यात बसवून घ्यायचं असतं. मागं राहणारी बहुतेक बाईच असते, म्हातारी किंवा लेकुरवाळी.

त्यानंतर घर बघायची आमची रीत बदलली. रविवारी जाणं बंद केलं. रविवारी सगळी गावं भरलेली असतात. मी रजा टाकून आडवारी, भर पावसाळ्यात, आत्तींना घेऊन जायला लागले. दहा वाजता जायचं, संध्याकाळी पाचपर्यंत थांबायचं. देवळाच्या कट्ट्यावर, कुणा नातेवाइकाच्या ओसरीवर, जमेल तिथं. दुपारी दोन ते चार हा वेळ बघायचा, कारण गाव जिवंत आहे की नाही ते त्या वेळी कळतं.

येळ्ळूरला यांच्या मावशी आहेत. गाव मोठं, भाषा आपली, वर राजहंसगड, दुपारी दोनलाही गल्लीत माणसं. आत्ती रमल्या. पण गावठाणात घर मिळेना, आणि एजंट आम्हाला शिवारात प्लॉट दाखवायला घेऊन गेला. येळ्ळूर, शहापूर, वडगावचं हे शिवार भाताचं. इथल्या बासमतीचं नाव एके काळी लांबवर होतं. चिखलात रोवलेले पांढरे दगड, त्यांच्या डोक्याला लाल रंग, तीस बाय चाळीसचा एकेक तुकडा. शेजारच्या वावरात बायका वाकून रोप लावत होत्या आणि या वावरात दगड उभे. हलगा-मच्छे बायपाससाठी अशीच पिकती जमीन जाते म्हणून इथले शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत आले. आत्ती बांधावरून खाली उतरल्या, मूठभर चिखल उचलला, बोटांनी चुरून बघितला आणि परत तिथंच ठेवला. म्हणाल्या, "ही रोपाची जमीन हाय. हिच्यावर घर बांधून मला झोप लागायची न्हाई." शेतातला प्लॉट घ्यायचा नाही हे त्या दिवशी ठरलं. आमच्या न घेण्यानं ते वावर वाचलं नाही, हेही मला माहीत आहे. पुढच्या उन्हाळ्यात तिथं पायाचे खड्डे खणलेले बघितले.

खानापूरचा विचार रेल्वेमुळं केला, पण सोयीच्या वेळेच्या गाड्या मोजक्या, आणि यांना शिनोळी गाठायला रोज सगळं बेळगाव ओलांडावं लागलं असतं. तो विषय लवकर संपला.

सांबऱ्याच्या बाजूला मात्र एक दिवस असा गेला की तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. शहराच्या पूर्वेला गेलं की पाऊस कमी होत जातो, लाल माती जाऊन काळी येते, भाताऐवजी ज्वारी दिसायला लागते, आणि कानावर कन्नड जास्त पडतं. जे घर बघायला गेलो त्याच्या शेजारच्या आजींनी दारातूनच हाक मारली, "बर्री, कुंदर्री," म्हणजे या, बसा. आत्तींना बाजारापुरतं कन्नड येतं, त्या आजींना तेवढंच मराठी. दोघी दोन तास बोलत बसल्या. गुडघ्याचं दुखणं, सुनांच्या नोकऱ्या, गॅसची किंमत. निघताना त्यांनी ज्वारीच्या भाकरीत शेंगदाण्याची चटणी घालून आत्तींच्या पिशवीत ठेवली. आत्ती तिथं राहायला तयार होत्या. अडचण मुलाच्या शाळेची होती, मराठी शाळा सोडायची आमची तयारी नव्हती. सीमाभागात भाषेचा प्रश्न आहे, खोल आहे आणि खरा आहे. पण तो त्या दोन म्हाताऱ्यांच्या मधे नव्हता. तो कागदावर आहे, शाळेत आहे, बसच्या पाटीवर आहे.

मग शिनोळी. यांना चालत कामाला जाता आलं असतं. खरं सांगायचं तर पाय तिकडं ओढायचे ते त्यासाठी नाही. बाचीच्या पुढं हद्द ओलांडली की जमिनीचा सातबारा मराठीत मिळतो. इकडं त्याच कागदाला आरटीसी म्हणतात आणि तो कन्नडात असतो. आपल्या घराचा कागद आपल्याला वाचता यावा, एवढीच ती ओढ. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो अजून चालूच आहे. तीन पिढ्या हे ऐकत मोठ्या झाल्या.

हिशोब मात्र उलटा जात होता. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला, त्याला इथला पत्ता लागतो. आत्तींना गृहलक्ष्मीचे महिन्याला २००० रुपये मिळतात. तिकडच्या लाडकी बहीण योजनेत १५०० मिळतात, पण वयाची अट २१ ते ६५, म्हणजे आत्ती त्यात बसत नाहीत. मुलाला पुढं इथल्या सीईटीतून जायचं झालं तर राज्यात सात वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. रेशन कार्ड, आधार, मतदान, गाडीचा केए-२२ नंबर, सगळंच नव्यानं करायचं. हद्दीवरच्या गावांत घराघरांत ही तुलना चालते, आणि ती करताना मन दुखतं, कारण एका बाजूला पोट असतं आणि दुसऱ्या बाजूला जन्मभर धरलेली गोष्ट.

मी वडिलांना विचारायला गेले. तरुणपणी सीमालढ्यात त्यांनी हिंडलग्याच्या जेलमध्ये दिवस काढलेत. वाटलं होतं, शिनोळी म्हटल्यावर खूश होतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, आपण महाराष्ट्रात राहायला जायचं असं नव्हतं ते. आपलं गाव महाराष्ट्रात जायचं होतं."

मी शिनोळीचं नाव पुन्हा काढलं नाही.

आम्ही शेवटी सुळग्याला आलो. बेळगाव तालुक्यात सुळगे दोन, एक हिंडलग्याकडचं आणि एक येळ्ळूरकडचं. पत्त्यात कंसात लिहिलं नाही तर टपाल दुसऱ्याच गावाला जातं. आमचं हिंडलग्याकडचं, वेंगुर्ला रोडवर, शहरापासून आठ-नऊ किलोमीटर. गावठाणातलं जुनं कौलारू घर, दोन सोपे, मागं परडं, परड्यात पेरू. घराचा उतारा कन्नडात. गल्लीतल्या कन्नड शाळेत शिकणाऱ्या एका मुलीनं तो आम्हाला ओळीओळीनं वाचून दाखवला. पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला रस्ता. कन्नडात चतुःसीमेला चक्कुबंदी म्हणतात हे तिनंच सांगितलं. तिची आजी उंबऱ्यावर बसून प्रत्येक शेजाऱ्याचं नाव ऐकत होती आणि मान हलवत होती, "बरोबर हाय, बरोबर हाय." वकिलाकडं आम्ही नंतर गेलोच, पण माझी खात्री पटली ती त्या मान हलवण्यानं.

यांची फेरी उलटी झाली. सकाळी सगळा रस्ता शहराकडं धावत असतो आणि हे शिनोळीकडं मोकळ्या बाजूनं जातात. आणखी एक फायदा कुठल्याच वहीत नव्हता : सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला जायचं असल्यानं सूर्य दोन्ही वेळा पाठीशी असतो. शहरात गाडीवर जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या तो दोन्ही वेळा डोळ्यांवर येतो. मी त्यांच्यातलीच, पण बसनं जाते. नवरात्राच्या आधी बस रताळ्यांच्या पोत्यांनी भरलेली असते, या पश्चिम भागात रताळी खूप पिकतात. प्रवास मोफत झाल्यापासून सकाळी पाय ठेवायला जागा नसते, दोन बस सोडाव्या लागतात. पण त्या गर्दीत मला अशा बायका भेटतात ज्या आधी गावाबाहेर पडतच नव्हत्या. कुणी कापडाच्या दुकानात लागली, कुणी स्वयंपाकाची कामं धरली, कुणी बहिणीला भेटायला नुसतीच निघालीय. उशीर झाला तरी त्या बसवर मला रागावता येत नाही.

अडचणी आहेत. पावसाळ्यात रस्ता खड्ड्यांनी भरतो, रात्री वीज जाते ती सकाळी येते. गेल्या जुलैत आत्तींचं बीपी मध्यरात्री वाढलं. रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मी शहरातली सगळी नाकारलेली घरं एकेक करून आठवली. गावानं वार पाळला की शेताची कामं बंद, त्याची सवय मुलाला व्हायला वेळ लागला. आता थंडीत शेजारच्या उचगावात मराठी साहित्य संमेलन भरतं तेव्हा तो खुर्च्या लावायला जातो. कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनी अशी इथली गावं आपापली संमेलनं भरवतात, वर्गणी काढून. आत्ती गेल्या वेळी पहिल्यांदाच मांडवात जाऊन बसल्या आणि कविता संपेपर्यंत उठल्या नाहीत.

गिरण आमच्या घरापासून सहा घरं सोडून आहे. पहिल्याच दिवशी आत्ती डबा घेऊन गेल्या त्या दीड तासानं आल्या. मी ओसरीवर वाट बघत होते. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन त्या पायरी चढल्या आणि सांगायला लागल्या : कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलीला स्थळ आलंय, वरच्या विहिरीचं पाणी डाळ शिजायला चांगलं, दूध कुणाकडं घ्यायचं, गिरणवालीचं माहेर आपल्या वडगावचं निघालं. गिरणीच्या दाराला एक लांब फळी टाकलीय, नंबर येईपर्यंत बायका तिच्यावर बसतात.

परवा शेवटच्या बसनं आले. पाऊस होता, गल्लीत वीज नव्हती. गिरण बंद झाली होती, पण फळीवर तिघी-चौघी अजून बसलेल्या होत्या, मधे कुणाच्या तरी मोबाईलची बॅटरी लावलेली. अंधारातून आत्तींचा आवाज आला, "आली गे आमची," आणि त्या उठल्या. डबा माझ्या हातात दिला. वीज जायच्या आधीच त्यांचं दळण झालं होतं. पीठ अजून गरम होतं.